चोची वाचणारे काका

मला गिरणीतले साचे, म्हणजे माग, मिळाले ते कोणामुळे, हे आधी सांगून टाकतो. कसे मिळाले ते मागाहून सांगेनच, पण सांगता सांगता माझी गाडी कुठं घसरेल याचा मलाच भरवसा नसतो, आणि ज्यांचं नाव पहिलं यायला हवं तेच राहून जायचं. तर ते मिळाले काकांमुळे. डोळ्यांवर दोन मुठी.

'डोळ्यांवर दोन मुठी' हे काकांचं नाव. आईबापांनी ठेवलेलं दुसरं नाव होतं, ते गिरणीच्या मस्टरवर असणार. पण आमच्या साळखात्यात तसल्या नावाचा उपयोग नसतो. कापड विणणारे सगळे साचे तिथं एकदम चालतात, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटतात, आणि त्या खणखणाटात शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोंब मारली तरी त्याला फक्त तुमच्या तोंडाचा वास कळतो. म्हणून साचेवाले आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि उरलेलं हातानं पुरं करतात. चहाला चल, साहेब आला, सासू गेली, सगळं ओठांनी आणि हातांनी. हाक मारायची तीही खुणेनं. आमच्या जॉबरची, म्हणजे खात्याच्या मुकादमाची, खूण म्हणजे पोटावरून गोल हात फिरवायचा. माझी खूण छातीवर तळवा थापटायची. पहिल्याच दिवशी एक धोटा साच्यातून सुटून माझ्या कानाजवळून गेला आणि मी बराच वेळ छाती धरून उभा राहिलो, तेव्हापासून मी धडधड्या. काका म्हणजे दुर्बीण धरावी तशा डोळ्यांवर धरलेल्या दोन मुठी.

मी तेव्हा बदलीवर होतो. सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायमवाल्यांपैकी कोणी आला नाही तर जॉबर बोट दाखवून आत घेणार, सगळे आले तर परळच्या खोलीवर परत. खोली आमच्या गावकऱ्यांची. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्याच वळकटीवर झोपे. वडील गेले तेव्हा मी पाचवीत होतो, शाळा तिथंच सुटली. आई आणि धाकटी बहीण देवगडच्या पुढं गावी. कायम होणं एवढं एकच डोक्यात असायचं. ते जॉबरच्या हातात, म्हणून जॉबर शिंकला तरी मी एक पाऊल मागं सरायचो.

काका दोन साच्यांचे कायम विणकर. मिशी फुटायच्या आधी मुंबईला आले ते तेव्हापासून साच्यापुढं उभेच होते, आणि साच्यांनी त्यांचे कान खाऊन टाकले होते. जड आवाज थोडेफार कळायचे. बारीक आवाज, म्हणजे पोराचं रडणं, कपाची किणकिण, पाखराची शीळ, हे त्यांच्यापुरतं जगातून उठलं होतं. स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळे बाहेर ते जे काय बोलत ते साऱ्या लालबागसाठी असे. "कोणाक सांगा नको," असं म्हणून त्यांनी चाळीत एकदा मला जे सांगितलं, ते खालच्या वाण्यानं दुसऱ्या दिवशी मला दुरुस्तीसह परत सांगितलं.

काकीचा त्यांच्याशी भांडायचा मार्ग निराळा होता. ती पाठ फिरवून बोले, नाहीतर तोंडावर पदर घेई. ओठ दिसले नाहीत की काकांना काही कळत नसे. पदराआडून ती काय काय म्हणायची ते आम्ही ऐकलेलं आहे. काका आम्हांला विचारत, "काय म्हणता ही?" आम्ही सांगत असू, "जेवायला बसा म्हणतायत."

आता ही दुर्बीण. काकांच्या शेजारच्या खोलीत घोड्यांच्या शर्यतीचा एक नादी माणूस होता. त्याच्या डोक्यात आलं की काका लांबून ओठ वाचतात, तर त्यांना महालक्ष्मीला न्यावं, दुर्बिणीतून जॉकींचे ओठ वाचून घ्यावेत, आणि कुठला घोडा आज मुद्दाम मागे राहणार ते आधीच कळून घ्यावं. त्यानं कुठूनशी जुनी दुर्बीण पैदा केली. तिच्या एका नळीत बुरशी होती, दुसरीतून बरं दिसे. काका गेले. नादी शेजारी कानाला हात लावून उभा. काकांनी दुर्बीण लावली आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पिवळ्या टोपीवालो म्हणता, माका संडासाक लागली." आजूबाजूचे लोक बघायला लागले. पुढच्या शर्यतीला काका म्हणाले, "निळो म्हणता, माकाय." शेजारी घाम पुसू लागला. तिसऱ्या शर्यतीच्या आधी काकांची दुर्बीण मैदानाच्या मधल्या डबक्यावर गेली आणि तिथंच राहिली. डबक्यात एक ढोकरी, बगळ्याच्या जातीतली, उभी होती. घोडे सुटले, आले, गेले. काका ढोकरीकडे बघत होते. शेजारी त्या दिवशी कंबरेच्या पट्ट्यापर्यंत हरला आणि "घ्या ही, तुमच्या बापाला दाखवा," म्हणत दुर्बीण त्यांच्या गळ्यात टाकून चालता झाला.

"तिना चोच उघडल्यान," काका मला नंतर सांगत होते. "आणि माका अक्षर दिसला."

"काय म्हणाली?"

"'सरक,' म्हणाली. बेडकाक."

तेव्हापासून काका पाखरांच्या चोची वाचू लागले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: चोच म्हणजे ओठच, जरा कडक एवढंच, कडक ओठांची माणसं आपण वाचतोच की, आमचा जॉबर काय वेगळा आहे? गिरणीच्या आवारात पाण्याचा तलाव होता, तिथं जेवणाच्या सुट्टीत ते डबा मांडीवर घेऊन बसत आणि आम्हांला पाखरांचं बोलणं सांगत. कावळे मालवणी बोलत, आणि त्यांचं निम्मं बोलणं मला इथं लिहिता येणार नाही. कबुतरं गुजराती, कारण दाणे टाकणारे शेटजी त्यांच्याशी तेच बोलत. घार साहेब, तोंड उघडायचं नाही, नुसती वरून फेरी. खंड्या पाण्यात बुडी मारायच्या आधी पुटपुटायचा. काय पुटपुटायचा विचारलं तर काका म्हणत, "आवशीक खाव." आणि चिमण्या?

"चिमण्यो तुझ्यासारख्यो," ते मला म्हणाले. "दिसभर एकच इचारतत. हाय काय जागा, हाय काय जागा."

हे सगळं तद्दन खोटं आहे असं म्हणणारा आमच्यात एकच होता, शिवराम. तो भोईवाड्याचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा, नुकताच घरादारासह बुद्धाला शरण गेलेला, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आलेला. त्याची खूण दोन मनगटं एकावर एक. तो रिंगखात्यात सूत काढी. साळखात्यात त्याला घेत नव्हते. धोट्यात धागा ओढायला साचेवाला धोट्याला तोंड लावतो, आणि त्याच धोट्याला मग दुसरा लावतो, म्हणून त्याच्या लोकांना विणकामात मज्जाव. काकांना हे कारण कधी पटलं नाही. "जॉबर तमाखू खाऊन धोट्याक तोंड लावता, ता चालता काय?" ते भर नाक्यावर म्हणाले होते, आणि काकांनी नाक्यावर म्हटलेलं जॉबरच्या घरी जायला वेळ लागला नव्हता. खात्यात नाही तर नाही, म्हणून त्यांनी शिवरामला आमची ओठांची भाषा चहाच्या गाडीपाशी बसून शिकवली. शिवराम ती महिन्याभरात माझ्यापेक्षा चांगली बोलू लागला.

"काका," तो एकदा म्हणाला, "पाखरू काय बोलतं ते त्या पाखराला तरी माहीत असतं का?"

"तुमच्या पुढाऱ्यांका म्हायत आसता काय?" काका म्हणाले.

याला कारण होतं. मैदानावर सभा असली की काका अगदी मागं, भिंतीवर चढून बसत. भाषण त्यांना ऐकू येत नसे, आणि ऐकायचंही नसे. ते दुर्बिणीतून व्यासपीठावर मागच्या रांगेत बसलेल्यांचे ओठ वाचत. खाली लोक घोषणांनी पेटलेले, आणि वरून काका खणखणीत आवाजात बातमी देत: "तो टोपीवालो म्हणता, वडे थंड झाले. चष्मेवालो म्हणता, ह्याचा भाषण लांबला, माझी येळ खाल्ल्यान." सरकारच्या बाजूचे मंत्री चौपाटीवर बोलायला आले तेव्हाही काका गेले होते. ते काय म्हणाले विचारलं तर सांगितलं, "तेंचेय वडेच." शिवराम यावर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "मुंबई मिळाल्यावर गरम वडे देऊ."

आता त्या रविवारचं. रविवारी दुपारी लालबागहून मोठा मोर्चा निघणार होता. शनिवारी सुट्टी होताना जॉबरनं आम्हां बदलीवाल्यांना दारात थांबवलं. उद्या मोर्चात जो दिसेल, त्यानं सोमवारपासून दारात उभं राहायचे कष्ट घेऊ नयेत, म्हणाला. मग माझ्याकडे बघून, पोटावर हात फिरवत, "तुझं बघतोय मी. या महिन्यात एक जागा होईल. पोलिसांच्या कागदावर नाव येऊ देऊ नको म्हणजे झालं."

हे ऐकून मी खोलीवर आलो तर गावकरी म्हणत होते, खोलीतला जो उद्या मोर्चात नसेल त्यानं आपली वळकटी दुसरीकडे न्यावी.

रात्रभर छातीवर हात ठेवून पडलो. मोर्चात जावं तर साचे जाणार, खोलीत राहावं तर खोली. पहाटे काकांनी दार ठोठावलं. "चल, तळ्यार. पाखरां बघूक." आणि मग ओठांनी, आवाज न काढता: मोर्चातय नको, खोलीतय नको. गावकऱ्यांका वाटतला मोर्चात, जॉबराक वाटतला घरात. शिवराम मागं उभा होता. तो म्हणाला, "माझा मोर्चा दुपारचा आहे, तोवर तुला रानात सोडून येतो. तिथं पोलीस फक्त वाघाला पकडतात."

तळं म्हणजे बोरिवलीच्या पलीकडं, डोंगरांच्या कुशीत, मुंबईला पाणी पुरवणारा तलाव. पावसाळा नुकताच सरला होता. झाडांना झाडं लागलेली, वेली दोरखंडाएवढ्या, दगडांवर शेवाळ, आणि अंगाला चिकटणारी ओली हवा. मला गाव आठवलं आणि बरं वाटलं, आणि बरं वाटतंय म्हणून भीती वाटली. तिथं जायला पास लागतो हे मला वाटेत कळलं. मी थांबलो.

"पाखरां पास काढून येतत काय?" काका म्हणाले आणि कुंपणातल्या भगदाडातून आत शिरले.

आत शिरल्यावर एकच कायदा: आवाज बंद. काकांना स्वतःचा आवाज आवरता येत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून तळ्यावर ते तोंडानं अक्षरही काढत नसत. सगळं साळखात्यासारखं, ओठांनी आणि हातांनी. त्यांची पाखरं बघायची पद्धतही साळखात्याचीच. तिघांनी तीन काठांवर उभं राहायचं, आपापल्या साच्यापुढं उभं राहावं तसं. ज्याला पाखरू दिसेल त्यानं पाण्यावरून दुसऱ्याला खूण करायची. काका एका जांभळीखाली, शिवराम खडकावर, आणि मी समोरच्या काठावर, एका फळांनी लगडलेल्या उंबराखाली.

काकांना खरं पाहायचा होता ककणेर, म्हणजे धनेश. एवढ्या मोठ्या चोचीचं पाखरू. त्यानं तोंड उघडलं तर एकेक अक्षर पाटीवर लिहिल्यासारखं दिसेल, असा त्यांचा हिशोब. गावी लहानपणी पाहिला होता, पण तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. तळ्यावर त्यासाठी ते कितीतरी वेळा येऊन गेले होते. ककणेर नेहमी लांब, पाठमोरा, किंवा तोंडात उंबर धरलेला. "तोंडात घास घालून बोलणाऱ्याचा काय वाचतलंस?" ते म्हणत.

बराच वेळ काही झालं नाही. पाणकावळा पंख वाळवत बसला. शिवरामनं मनगटं एकावर एक ठेवून मला खिजवलं, तुला अटक, तुला अटक. मी छाती थापटून दाखवली. काकांनी दोघांनाही तळहात दाखवून गप्प केलं.

मग माझ्या डोक्यावर फांदी वाकली. ककणेर. एवढा जवळ की त्याच्या डोळ्यावरच्या पापणीचे केस दिसत होते. मी हळूच हात उचलला, कोपर नाकापुढं धरून मोठी चोच केली, आणि दुसऱ्या हातानं पंख हलवून काकांना खूण केली. समोरच्या काठावर दुर्बीण वर गेली. काका इतके ताठ झाले की मला तेवढ्या अंतरावरूनही कळलं.

आणि मागून माझी कॉलर धरली गेली.

हवालदार होता, घाटावरचा. बरोबर तळ्याचा पहारेकरी. ते दोघं केव्हापासून झाडीत बसून आम्हांला बघत होते कोण जाणे. त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही खरं होतं. मुंबईत मोर्चा, आणि मुंबईच्या पिण्याच्या पाण्याभोवती तीन माणसं तीन बाजूंना, एकाजवळ दुर्बीण, कोणी बोलत नाही, एक मनगटं जोडतो, एक छाती बडवतो, तिसरा हात दाखवून थांबवतो.

"काय रं, ह्ये हातवारं कुनाला चाललंत?"

"पाखरू," मी म्हणालो.

"कुठाय?"

मी वर बोट केलं. ककणेर पानांआड सरकला होता.

"त्या पल्याडच्याला काय सांगितलंस?"

"पाखरू."

"आन मगाशी त्यानं तुला काय सांगितलं?"

"गप्प बस म्हणाले."

हवालदारानं पहारेकऱ्याकडे बघितलं. "म्हंजी बोलू नगं असं आधीच ठरलंय यांचं." मग मला हलवलं. "पान्यात काय टाकनार व्हता?"

"काही नाही हो. घावणे आणलेत. तेही अजून खाल्ले नाहीत."

"गिरनी कंची?"

गिरणी सांगितली की नाव कागदावर जाणार, कागद गिरणीत जाणार, आणि जॉबर पोटावरून हात फिरवत म्हणणार, सांगितलं होतं ना. डोळ्यांपुढं आई आली. हवालदार पुन्हा म्हणाला, "गिरनी सांग. न्हाईतर चौकीवर चल, तिथं सांगशील." त्याची माझ्याकडे तोंड करून उभं राहायची जागा अशी होती की त्याचा एक गाल तळ्याकडे होता, आणि तळ्यापलीकडं दुर्बीण होती.

ककणेर पानांतून बाहेर आला. अगदी मोकळ्या फांदीवर, काकांच्या समोर. तोंडात उंबर नव्हता. त्यानं चोच उघडली.

मी काकांकडे बघितलं. दुर्बीण वर, फांदीवर होती. मग ती खाली आली, हवालदाराच्या तोंडावर. थोडा वेळ तिथं राहिली. मग काकांनी ती डोळ्यांवरून काढली आणि मला हातानं एक खूण केली.

ही खूण साळखात्यात दिवसातून दहादा होते. साचेवाल्याला लघवीला जायचं असलं तरी साचे सोडून जाता येत नाही, धागा तुटला तर कापड वाया. मग शेजारचा त्याच्याकडे बघून अंगठा आपल्या छातीला लावतो आणि तळहात बाहेर ढकलतो. जा, तुझे साचे मी बघतो. काकांनी मला तीच खूण केली.

आणि ओरडले. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे."

ही घोषणा काकांनी ऐकलेली नव्हती, लोकांच्या ओठांवर फक्त वाचलेली होती. त्यामुळे तिचा ठेका, तिचा चढउतार यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. माडावरच्या माणसाला खालून हाक मारावी तशी त्यांनी ती मारली. डोंगरावर आपटून ती परत आली. तळ्यावरचं होतं नव्हतं ते सगळं एकदम उठलं, पाणकावळे, बगळे, बदकं, आणि माझ्या डोक्यावरून ककणेर.

हवालदाराचा हात माझ्या कॉलरवरून सुटला. "बगितलंस? म्हनलं नव्हतं?" असं तो पहारेकऱ्याला म्हणाला आणि दोघं काठाकाठानं धावत सुटले. काका जागचे हलले नाहीत. आपला आवाज पोचतोय की नाही हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते पुन्हा ओरडले. मग पुन्हा. हवालदार तळ्याला वळसा घालून धापा टाकत त्यांच्यापाशी पोचेपर्यंत ओरडतच होते.

शिवरामनं मागून येऊन माझा हात धरला. "चल, धडधड्या."

"काका?"

"त्यांनी तुझे साचे घेतलेत. आता मध्ये गेलास तर दोघांचंही कापड जाईल." त्यानं मला झाडीतून ओढत नेलं, आणि भगदाडातून बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "मी एवढी वर्षं ओरडतोय. आणि यांना पहिल्याच घोषणेला अटक."

कोर्टात आम्ही दोघं मागच्या बाकावर होतो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, चळवळीत आहात काय? काका त्यांच्या ओठांकडे नीट बघत होते. उत्तर आलं तेव्हा कारकुनाच्या हातातला टाक उडाला.

"नाय साहेब. मी पाखरांत आसंय."

"मग घोषणा का दिलीत?"

"ओरडूक कायतरी व्हया होता. दुसरा काय पाठ नाय."

साहेबांनी शेजारच्या वकिलाकडे वाकून काहीतरी म्हटलं. काका लगेच म्हणाले, "वेडो नाय साहेब, बहिरो." त्यानंतर साहेब कोणाशीही कुजबुजले नाहीत. शिक्षा थोड्या दिवसांची झाली. दुर्बीण परत मिळाली. शिवरामनं बाहेर येऊन वडा घेतला. थंड होता.

काका तुरुंगातून येईपर्यंत गिरणीनं त्यांचं नाव कमी केलं होतं. आणि एका सकाळी जॉबरनं दारात मला बोट दाखवलं, आत नेलं, दोन साच्यांपुढं उभं केलं आणि ओठांनी म्हणाला, हे तुझे, कायम. ते काकांचे साचे होते. मी आईला कळवण्याआधी लालबागला गेलो. पायऱ्या चढताना दोनदा परत फिरलो. खोलीत गेल्यावर काकांच्या समोर उभं राहून, त्यांना वाचता येईल असं, एकेक शब्द ओठांनी सांगितला.

काकांनी ऐकलं, म्हणजे बघितलं. "बरा झाला," ते साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले. "डाव्या साच्याचो मागलो खिळो सैल आसा. रोज सकाळी आधी तेका बघ. आणि तो उजवो, तेका शिव्यो घातल्याशिवाय चलत नाय."

काकीनं माझ्यापुढं चहा ठेवला. पदर तोंडावर घेतला नाही. उलट काकांच्या समोर येऊन बोलली. "एवढी वर्सां पाखरां बघलात, नि शेवटी घराक धरून हाडलात ता ह्या." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. काका हसले. मी चहा प्यायलो, त्यात साखर होती की नाही मला आठवत नाही.

"ककणेरानं काय म्हटलं?" मागाहून आलेल्या शिवरामनं त्यांना विचारलं. तो हे विचारायचा राहणार नव्हताच.

काकांनी दुर्बिणीची काच पुसली. "सुरवात केल्यान होती," ते म्हणाले. "'तर मी काय सांगत होतंय,' इतक्या म्हटल्यान."

नवरात्र सरल्यावर ते दोघं गावी जायला निघाले. भाऊच्या धक्क्यावर मी आणि शिवराम पोचवायला गेलो. धक्क्यावर हमालांची आरडाओरड, बोटीचा भोंगा, कोंबड्या, ट्रंका. काका बोटीच्या कठड्यापाशी उभे होते. बोट सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून छातीवर तळवा थापटला, म्हणजे मला हाक मारली, आणि आवाज न काढता ओठांनी विचारलं. ककणेर तुझ्या डोक्यावरसून गेलो. उडताना तेच्या पंखांचो मोठो आवाज येता म्हणान माझो बापूस सांगायचो. माका आता आठवणा नाय. कसो इलो तो आवाज?

मी ओठ उघडले. पण पंखांचं मला काही ऐकूच आलं नव्हतं. कॉलर धरलेली, डोळ्यांपुढं आई, आणि कानांत फक्त माझी स्वतःची छाती. काकांना खोटं सांगावं तर ते ओठ वाचणारे. मी हातानं खूण केली, मागाहून सांगतो. त्यांनी मान हलवली. बोट वळली.

महाराष्ट्र झाला. मुंबईही त्यात आली. बहीण लग्न होऊन गेली, आई अजून गावीच आहे. शिवराम अजून रिंगखात्यातच आहे आणि आता दुसऱ्याच कशासाठी तरी ओरडत असतो. मी काकांच्या दोन साच्यांपुढं उभा आहे. डाव्याचा खिळा रोज सकाळी बघतो, उजव्याला शिव्या घालतो. हल्ली कपांची किणकिण मला पूर्वीइतकी येत नाही, म्हणून मी खात्यात दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालतो. बाकीचे साचेवाले हसतात. माझी खूणही बदलायला निघालेत.

हसू देत. उंबर पिकायच्या दिवसांत मी एका रविवारी पास काढून तळ्यावर जाणार आहे. त्याच झाडाखाली उभा राहीन. ककणेर बसला की जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडेन; मी आयुष्यात कधी ओरडलेलो नाही, पण ओरडेन. तो उठेल. कापूस खिशात ठेवून मी नीट ऐकेन, शेवटपर्यंत. मग बोटीनं काकांच्या गावी जाईन, त्यांच्यासमोर उजेडात बसेन आणि सांगेन, तो आवाज कसा होता. तसला आवाज नुसत्या ओठांनी कसा सांगायचा ते अजून मला सुचलेलं नाही. साच्यापुढं उभ्या उभ्या ओठ हलवून बघत असतो. सांगेन, काका.